भिंत काढली, आता लादी कुठली घ्यायची?

प्रश्न: आम्ही दादरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत 45 वर्षांहून जुनी आहे. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली लहान खोली यांच्यामधली भिंत आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी घेऊन काढली. आता दोन्ही मिळून साधारण 180 चौरस फूट जागा झाली आहे. निम्म्यात ओटा, निम्म्यात जेवणाचं टेबल येईल. खोलीत जुनं मोझॅक आहे. स्वयंपाकघरात सासऱ्यांनी त्याच मोझॅकवर सिमेंट टाकून पांढऱ्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या, त्यामुळे तो भाग इंचभर उंच आहे. भिंत होती तिथे सहा इंच रुंदीचा उघडा पट्टा आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, फोडाफोड नको, सगळ्यावर मोठी, संगमरवरासारखी चकचकीत टाइल टाकून देतो. मिस्टरांना ते पसंत आहे. मुलीला टेबलाच्या बाजूला लाकडी फ्लोअरिंग हवं आहे. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. त्या म्हणतात, मोझॅक चांगलं आहे, ते कशाला झाकता? त्यात सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू आहे. काय करावं?

उत्तर:

ताई,

तुम्ही लादीबद्दल घरातल्या सगळ्यांची मतं कळवलीत, पण त्या जागेत दिवसभर काय चालतं ते लिहिलं नाहीत. लादी त्यावरूनच ठरवायची असते. आपल्या स्वयंपाकघरात भाज्या धुतल्या जातात, मासे साफ होतात, नारळ फुटतो, फोडणी उडते, कुकरच्या शिट्टीबरोबर डाळीचं पाणी खाली येतं, आणि दिवसातून एकदा तरी लादी ओल्या फडक्याने पुसली जाते. आतापर्यंत हे सगळं भिंतीच्या आत राहत होतं. भिंत गेली, म्हणजे ओले पाय थेट टेबलापर्यंत जाणार. तिथूनच ताटं उचलून सिंककडे येणार, सांडत येणार. टेबलाची बाजू वेगळी, तिथे जरा नाजूक काही चालेल, असं कागदावर वाटतं. वापरात ती सगळी जागा स्वयंपाकघरच असते.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. संपूर्ण 180 फुटांत एकच लादी घ्या. मॅट फिनिशची व्हिट्रिफाइड, दोन फूट बाय दोन फूट, आणि दोन्ही बाजू एका पातळीत. लादीवर वाचलेला पैसा ती बसवण्यावर खर्च करा.

चकचकीत टाइलला मी ठाम नाही म्हणते ते सासूबाईंमुळे. गुळगुळीत लादीवर पाण्याचा थर आला की पायाची पकड सुटते, आणि त्यात तेलाचा थेंब असेल तर विचारायलाच नको. मुंबईत आणखी एक गोष्ट होते. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की काही दिवस थंड लादीला घाम सुटतो, कोणी काही न सांडता. दमट हवा थंड पृष्ठभागाला लागली की बाष्पाचं पाणी होतं. तळमजल्यावर हे जास्त दिसतं, पण वरच्या मजल्यांवरही, रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीला लागून असलेल्या जागेत होतं. चकचकीत लादीवर तो घाम डोळ्यांना दिसतही नाही. शिवाय खिडकीतून आलेला उजेड अशा लादीवर लखलखतो, आणि वयस्क नजरेला कुठे पाणी आहे आणि कुठे नुसती चमक आहे हे ओळखता येत नाही. वॉकरवाला माणूस तिथे थबकतो किंवा पाऊल चुकतो. मिस्टरांना संगमरवराची नक्षी आवडली असेल तर तीच नक्षी मॅटमध्येही मिळते.

दुकानात घसरण्याबद्दल विचारलंत की आर 9, आर 10, आर 11 असे आकडे सांगतील. ही जर्मन चाचणी आहे. उतारावर तेल टाकून, पायात बूट घालून माणूस चालवतात आणि कितव्या अंशाला तो घसरतो ते मोजतात. आपण घरात अनवाणी वावरतो, त्यामुळे हा आकडा मार्गदर्शक समजा, हमी समजू नका. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी असते. कॅटलॉगमध्ये ती दिलेली असेल तर बी किंवा सी बघा. आरमध्ये 10 पुरेसा आहे. 11 ची लादी खडबडीत असते, तिच्यात तेलाची वाफ आणि धूळ बसते आणि पुसणाऱ्याचे हात दुखतात.

याहून चांगली परीक्षा घरी होते. पसंत पडलेल्या दोन-तीन लाद्यांचे पूर्ण नग नमुना म्हणून घरी आणा. दुकानदार देतात, अनामत घेतात इतकंच. संध्याकाळी एका कोपऱ्यावर हळद कालवलेलं तेल आणि दुसऱ्यावर आमसुलाचं आगळ टाकून रात्रभर ठेवा. सकाळी भांड्यांच्या साबणाने पुसा. डाग राहिला तर ती लादी बाद. मग तीच ओली करून, कोणाचा तरी हात धरून, अनवाणी पाय घासून बघा, आणि सासूबाईंच्या वॉकरचं रबर त्यावर दाबून ढकलून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यानंतर घरातला वादही बहुतेक मिटतो.

बाकीचे पर्याय थोडक्यात सांगते. लाकडी लॅमिनेट या खोलीत नको. त्याच्या आत दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड असतो. सांध्यातून पाणी गेलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. एसपीसी नावाच्या, दगडाची पूड आणि प्लास्टिक मिळून केलेल्या पट्ट्या पाण्याने फुगत नाहीत हे खरं, पण त्या एकमेकींत अडकवून नुसत्या पसरलेल्या असतात. खाली जुनं, उंचसखल मोझॅक असेल तर त्यांची खाच सुटते, आणि मग पाणी खाली जाऊन तिथेच कुजतं. मुलीला लाकडाची ऊब हवी असेल तर ती टेबलात, खुर्च्यांत, भिंतीवरच्या फळीत आणा. खरा संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकम, दही यातलं काहीही त्याची पॉलिश खातं. सोलकढीचा एक थेंब पडला की तिथे कायमचा निस्तेज ठिपका. कोटा हासुद्धा चुनखडीचाच दगड आहे, आम्लाने त्याचीही चमक जाते, पण तो दणकट, थंड आणि स्वस्त आहे आणि मला मनापासून आवडतो. कोरी जागा असती तर मी तुम्हाला कोटाच सुचवला असता. पण तो जवळजवळ इंचभर जाड, एका चौरस फुटाला सहा किलोच्या आसपास वजन, आणि बसवल्यावर जागेवर मशिनने घासावा लागतो. तो राखाडी चिखल, तुमच्या राहत्या घरात, त्यात वॉकर. नको.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मला बाजूला टाकवत नाही. जुनं मोझॅक घासून पॉलिश केलं की पुढची पंचवीस-तीस वर्षं चालतं, नव्या टाइलपेक्षा ते पायाला बरं वाटतं, आणि पडलेल्या वरवंट्यालाही दाद देत नाही. फक्त खोलीचाच प्रश्न असता तर ते ठेवाच म्हणाले असते. पण स्वयंपाकघरात त्यावर टाइल बसवताना सिमेंट धरावं म्हणून मिस्त्रीने मोझॅकला टाचे मारले असणार. वरची टाइल काढलीत की खाली खड्डेच खड्डे दिसतील, आणि ते घासून जात नाहीत. त्यात सहा इंचांचा पट्टा. तेवढ्यापुरतं जुन्यासारखं मोझॅक जुळवणं आज फार अवघड आहे. त्यामुळे मोझॅक दिसणार नाही, पण त्याचा उपयोग होणार आहे. ते कसं, हे पुढे सांगते. आणि लादी निवडताना मोझॅकसारखे बारीक ठिपके असलेली बघा. तशा लाद्या आता भरपूर येतात, आणि त्यावर केस, तुकडे, पाण्याचे डाग पटकन उठून दिसत नाहीत. पांढरीशुभ्र किंवा काळी घेऊ नका, दोन्ही सारखी पुसावी लागतात. मधला रंग घ्या, भिंतीपेक्षा आणि स्कर्टिंगपेक्षा थोडा गडद, म्हणजे जमीन कुठे संपते ते सासूबाईंना दिसेल.

आता रिडेव्हलपमेंट, कारण खर्चाचा आकडा त्यावर ठरतो. विकासकाशी करार होऊन त्याची नोंदणी झाली असेल, घरं रिकामी करण्याची तारीख दिसत असेल, तर नवी लादी घालूच नका. पट्टा काँक्रीटने भरा, इंचभराच्या पायरीला हलका उतार करून घ्या आणि थांबा. पण विषय अजून सर्वसाधारण सभेतच फिरत असेल, तर मुंबईत अशी चर्चा वर्षानुवर्षं चालते, आणि तोवर सासूबाईंना त्या पायरीवरून रोज ये-जा करायची आहे. मग काम करून घ्या, फक्त इटालियन दगड वगैरे मनात आणू नका.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न लादीच्या खालचा आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तसं सगळ्यावर सरसकट टाइल टाकली तर स्वयंपाकघरात तीन थर होतील. मोझॅकच्या बाजूला इंचभर सिमेंट भरून पातळी आणावी लागेल, म्हणजे जुन्या स्लॅबवर विनाकारण ओझं. शिवाय ओटा आणखी बुटका होईल, दारं खालून कापावी लागतील, आणि हॉलमधून आत येताना नवी पायरी तयार होईल. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला फक्त वरचा थर काढा, पांढरी टाइल आणि तिच्याखालचं सिमेंट. मोझॅक लागलं की थांबायचं. दोन्ही बाजू आपोआप एका पातळीत येतील. मग मोझॅक हाच पाया धरून सगळीकडे नवी लादी केमिकलने, म्हणजे टाइल अ‍ॅडहेसिव्हने चिकटवायची. एकूण उंची अर्ध्या इंचाने वाढेल, तेवढं दारं सोसतात. हॉलच्या कडेला अर्ध्या इंचाची उभी कड मात्र सोडू नका, तिथे ग्रॅनाइटची पट्टी तिरपी घासून लावा.

वजनाचा ढोबळ हिशेब सांगते, सोसायटीत कोणी विचारलं तर उपयोगी पडेल. जुनी टाइल आणि तिच्याखालचं सिमेंट मिळून इंचभराचा थर चौरस फुटाला पाच किलोच्या आसपास भरतो, 90 फुटांचे साडेचारशे किलो खाली जातील. नवी लादी आणि अ‍ॅडहेसिव्ह मिळून फुटाला अडीच किलो, 180 फुटांचे तेवढेच साडेचारशे वर चढतील. स्लॅबवर फारसं जास्तीचं काही पडत नाही. तरी इंजिनिअरच्या पत्रात हे काम लिहून घ्या, भिंतीबरोबर लादीचंही.

हातोडा पडण्याआधी एक काम तुम्ही स्वतः करा. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघा. तुमच्या सिंकच्या आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीच्या निचऱ्याच्या, खाली येणाऱ्या जागी पिवळट वर्तुळ, पोपडे, पांढरी खारी असं काही दिसतं का? दिसत असेल तर तेवढ्या भागात मोझॅकवर थांबून चालणार नाही. तिथे स्लॅबपर्यंत खोदून, ट्रॅप आणि पाइप बदलून, वॉटरप्रूफिंग करून, पाणी भरून निदान 24 तास ठेवून बघायचं, आणि मगच लादी. नव्या लादीखाली जुनी गळती ठेवलीत तर वर्षभरात ती पुन्हा फोडावी लागेल, आणि खालच्यांशी भांडण वेगळं. ट्रॅप वापरात असेल तर त्याच्याभोवती दोन-अडीच फुटांपुरताच ढाळ द्या. टेबलाखाली ढाळ नको, टेबल डुगडुगतं.

सहा इंचांचा पट्टा हा तुमच्या कामातला सर्वांत कच्चा दुवा आहे. मिस्त्री तिथे रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा भुगा, आणि वाळू भरून, वर सिमेंट फिरवून, दुसऱ्या दिवशी लादी लावायला निघेल. तसं केलं तर भरणी बसते आणि बरोबर त्या रेषेत लादीला चीर जाते. कडांचं सैल मटेरिअल काढून, जागा ओली करून, बारीक खडीचं काँक्रीट मोझॅकच्या पातळीपर्यंत भरा आणि निदान सात दिवस त्यावर ओलं पोतं ठेवा. म्हणून हा पट्टा कामाच्या पहिल्याच दिवशी भरून घ्यायचा. बाकीची तोडफोड, वायरिंग, प्लंबिंग चालू असताना तो पिकतो.

मोझॅक काठीने किंवा नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला ती लादी काढून तिथे भरून घ्यायचं. वर्षानुवर्षांचं मेण आणि तेलकटपणा घासून काढायचा, नाहीतर अ‍ॅडहेसिव्ह त्या थरालाच चिकटतं, मोझॅकला नाही. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, त्यामुळे सिमेंटचा रगडा तिला नीट धरत नाही. अ‍ॅडहेसिव्हच्या गोणीवर आयएस 15477 हा क्रमांक आणि टाइलवर टाइल लावण्यासाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असावं. साधं, भिंतीच्या सिरॅमिकसाठीचं स्वस्त अ‍ॅडहेसिव्ह इथे चालत नाही.

आणि लावताना जवळ उभ्या राहा. बरेच कारागीर लादीच्या मागे पाच गोळे ठेवतात, चार कोपऱ्यांवर आणि एक मधे, आणि दाबून मोकळे होतात. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. तिथे नारळ आपटला किंवा भरलेला कुकर पडला की लादी तडकते, आणि तुम्ही म्हणता लादीच खराब निघाली. दातेरी थापीने जमिनीवर सगळीकडे सरळ रेघा ओढायच्या, लादीच्या पाठीवरही पातळ थर द्यायचा आणि रबरी हातोड्याने बसवायची. पहिल्या तासात एक नुकती लावलेली लादी उचलायला सांगा. पाठ कोपऱ्यापर्यंत पूर्ण माखलेली दिसली पाहिजे. नाही दिसली तर तिथेच थांबवून पद्धत बदलायला लावा. हे सांगताना संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत.

दोन बाय दोनच का, हेही याच्याशीच जोडलेलं आहे. कॉन्ट्रॅक्टरची मोठी टाइल 800 बाय 1600 मिलिमीटरची असणार. तिला अगदी सपाट पाया लागतो. भाजताना लांब लादी मधे किंचित उचललेली असते, आणि जुन्या मोझॅकवर तिच्या कडा एकमेकींपेक्षा वर-खाली येतात. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची कड वॉकरच्या पायाला लागते. शिवाय पुढे एखादी तडकली तर केवढा तुकडा काढावा लागेल ते बघा. छोट्या लादीला सांधे जास्त येतात हे खरं, पण सांधा ही या खोलीत वाईट गोष्ट नाही, त्यानेही पायाला थोडी पकड मिळते. प्रकारात फुल बॉडी मिळाली तर ती घ्या, रंग आरपार असतो, टवका उडाला तरी डोळ्यात येत नाही. वर छपाई असलेल्या जीव्हीटीचा, म्हणजे ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड लादीचा, टवका उडाला की आतला वेगळा रंग दिसतो.

सांध्यात दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची, लाद्या एकमेकींना चिकटवून लावायच्या नाहीत. भरायला सिमेंटचं ग्राउट स्वस्त, पण ते तेल आणि हळद पितं, आणि वर्षभरात ओट्यासमोरचे सांधे काळेपिवळे होतात. एपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट, महाग आहे, तरी इथे तेच घ्या. ते लावल्याबरोबर लगेच पुसून घेणारा माणूस हवा. मॅट लादीवर त्याचा तवंग वाळला की काढता काढता पुरेवाट होते. लावल्यावर दुसऱ्या दिवशी चालता येईल, पण पूर्ण घट्ट व्हायला आठवडा लागतो, तोवर अ‍ॅसिड, फिनेल काही नको. नंतरही लादीला अ‍ॅसिड लावायची सवय असेल तर ती सोडा.

खरेदीचं सांगते. बहुतेक माल गुजरातमधल्या मोरबीचा असतो, दुकान कुठलंही असो. दोन बाय दोनच्या खोक्यात सहसा चार नग, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. तुम्हाला कापाकापी धरून 13 खोकी लागतील. स्कर्टिंग त्याच लादीतून काढणार असाल आणि थोडी शिल्लक ठेवायची असेल तर 15 घ्या. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेडचा क्रमांक एकच आहे का, हे टेम्पोतून उतरवतानाच बघा. माल वर चढवून झाल्यावर परत द्यायला जड जातं.

काम चालू असताना सासूबाईंना आठ-दहा दिवस त्यांच्या मुलीकडे, बहिणीकडे, कुठे तरी पाठवा. धूळ तर आहेच, पण अर्धवट पातळ्यांवरून वॉकर नेणं धोक्याचं आहे. तुम्ही स्वतः बाथरूमजवळ एक इंडक्शन आणि पाण्याची कळशी ठेवून भागवू शकाल. फोडण्याच्या वेळा आणि डेब्रिज कुठे, किती तास ठेवायचं हे सेक्रेटरींकडून आधी लेखी घ्या, गोण्या बांधूनच खाली न्यायला सांगा. पावसाळ्यात काम काढू नका, भरणी वाळत नाही. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यातही नको, चांगले कारागीर तेव्हा मिळत नाहीत आणि मिळाले तर घाईत असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

काम संपल्यावर उरलेल्या लाद्यांपैकी सात-आठ नग माळ्यावर उभे ठेवा, खोक्यावरच्या क्रमांकाचा आणि ग्राउटच्या रंगाच्या डब्याचा फोटो काढून ठेवा, आणि कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता सगळी लादी ठोकून, पोकळ आवाज कुठे नाही ना हे बघितल्यावरच द्या.